विशारदनंतर आधी मंच मागू नका, जमीन मागा

प्रश्न असा आहे: फोंड्याजवळ राहणारी, 22 वर्षांची, कथकची विशारद पूर्ण केलेली मुलगी विचारते की गोव्यात कला अकादमी आहे, ठिकठिकाणी रवींद्र भवनं आहेत, नव्या नर्तकीला ही केंद्रं नेमकं काय देऊ शकतात, आणि ते मागायचं कसं?

विशारद हातात पडली की बहुतेक मुली पहिलं पत्र लिहितात ते "मला कार्यक्रमाची संधी द्यावी" असं. केंद्राच्या दृष्टीने ही सर्वांत सोपी मागणी. कुठल्या तरी सामूहिक संध्याकाळी 12 मिनिटं मिळतात, ध्वनिमुद्रित लेहऱ्यावर (तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणाऱ्या धुनेवर) नाच होतो, नारळ, शाल आणि स्मृतिचिन्ह घेऊन तुम्ही घरी येता. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यातून नर्तकी घडत नाही, फायलीत प्रमाणपत्रं वाढतात. नवोदिताला खरा तुटवडा असतो तो पाय मारायला चांगल्या जमिनीचा, ठरलेल्या तासांचा, जिवंत तबल्याचा आणि दिव्यांखाली चुका करण्याच्या मुभेचा. या चार गोष्टी केंद्राकडे असतात आणि बऱ्याचदा रिकाम्या पडून असतात. त्या मागा. मंच त्यांच्या मागून येतो.

आधी नकाशा. पणजीला कांपालात मांडवीच्या काठी कला अकादमी. इमारत चार्ल्स कोरिया यांची. तिथल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात हजाराच्या आसपास खुर्च्या, शिवाय खुला रंगमंच आणि ब्लॅक बॉक्स, म्हणजे काळ्या भिंतींचं लहानसं नाट्यगृह. अकादमीत कथक आणि भरतनाट्यम शिकवलं जातं, म्हणजे तिथे नृत्य जाणणारी माणसं आहेत. मडगाव, कुडचडे, साखळी आणि वास्कोला बायणा इथे रवींद्र भवनं, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर, म्हापशाला हनुमान नाट्यगृह. पणजीतच आल्तिन्होवर सुनापरान्त हे कला केंद्र. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, 2016 पासून. तुम्ही फोंड्याच्या, तर सुरुवात राजीव गांधी कला मंदिरापासून करा. घरापासून 20 मिनिटांवरची साधी खोली, पणजीतल्या देखण्या सभागृहापेक्षा आठवड्यात चार वेळा जास्त उपयोगी पडते. आणि पहिल्या एकल कार्यक्रमाला हजार खुर्च्या घेऊ नका. 70 माणसं ब्लॅक बॉक्समध्ये गर्दी वाटतात, मोठ्या सभागृहात तीच माणसं तुमचा धीर खचवतात.

कधी मागायचं हेही महत्त्वाचं. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, मग नाट्यस्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलनं, शिगमो. या दिवसांत व्यवस्थापकाच्या टेबलावरच्या वहीत एक चौकोन मोकळा नसतो, आणि तुमचं पत्र तळाशी जातं. जून ते ऑगस्ट मात्र आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी 9 ते 12 तालमीच्या खोल्या बंद कुलपात असतात. पत्र एप्रिलच्या शेवटी द्या आणि मागणी अशी करा: जून ते चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीपर्यंत, आठवड्यातून तीन सकाळी, प्रत्येकी तीन तास. बदल्यात दर महिन्याला एक खुली तालीम दाखवेन, शाळेच्या मुलांना एक सकाळ देईन. फुकट जागा देताना व्यवस्थापकाला वर कागद दाखवावा लागतो. तो कागद तुम्हीच तयार करून दिलात की होकार लवकर येतो.

आता जमिनीबद्दल जरा सविस्तर, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं आणि सर्वांत कमी चर्चाही इथलीच होते. आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये काँक्रीटवर थेट लादी किंवा संगमरवर असतो. तत्काराचा, म्हणजे कथकमधल्या पायांच्या ठेक्याचा, प्रत्येक आघात लादी जशीच्या तशी परत पाठवते. तो टाच, नडगी आणि गुडघा झेलतात. नडगीच्या आतल्या कडेला लांब पट्ट्यात दुखलं तर विश्रांती आणि जमीन बदलून बरं वाटतं. बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर नाच थांबवून हाडांच्या डॉक्टरकडे जा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.

पाहायला गेलात की खोलीत पाच ठिकाणी टाच मारून ऐका. भरीव, बोथट आवाज म्हणजे खाली काँक्रीट. किंचित पोकळ, गोल आवाज म्हणजे खाली लाकडी पट्ट्या आहेत. ही खोली सोडू नका. गोटी सोडून उतार बघा. एका जागी दहा चक्कर घ्या आणि आपण कुठल्या दिशेला सरकलो ते पाहा. लादीच असेल तर केंद्राला एक स्वस्त उपाय सुचवता येतो: 8 बाय 4 फुटांचे, 19 मिलिमीटर जाडीचे, पाण्याला टिकणाऱ्या प्लायवुडचे तीन पत्रे, खाली 10 ते 12 मिलिमीटरचं घट्ट रबर, जोडांवर कापडी चिकटपट्टी. 12 बाय 8 फुटांची जमीन होते, एका नर्तकीच्या तत्काराला आणि जागेवरच्या चक्करांना पुरेशी. रबर मऊ घेऊ नका. कथकला पायाचा आवाज परत यायला हवा, गादीवर तत्कार मरतो. पावसाळ्यात पत्र्यांच्या कडांना आधीच वॉर्निश लावलं नाही तर पाणी पिऊन कडा वर येतात आणि अंगठा अडकतो. आठवड्यातून एकदा पत्रे उभे करून खालून वारा लागू द्या, नाही तर बुरशी धरते.

मंचाची गोष्ट निराळी. आपले मंच नाटकासाठी झिजलेले असतात. सेट ठोकताना पडलेले खिळे, स्टेपलरच्या पिना, तुटलेले स्क्रू फटींत बसतात आणि झाडूला येत नाहीत. दोरीला बांधलेलं एक जाडसर चुंबक मंचभर ओढा. काय काय निघतं ते बघून तुम्हाला पुन्हा कधी न तपासता नाचवणार नाही. पुसणं साध्या पाण्याने, कार्यक्रमाच्या निदान तासभर आधी. फिनेल किंवा सुगंधी द्रवाने पुसलेल्या फळीला अनवाणी पाऊल चिकटतं, शरीर फिरतं आणि गुडघा मागे राहतो. टाल्कम पावडर कधीच नको: तुमचे चक्कर सुरेख होतील आणि दुसऱ्या दिवशीच्या नाटकातला राजा आपटेल.

जमिनीनंतर साथ. ॲपवरच्या लेहऱ्यावर सहा महिने तयारी करून आयत्या वेळी तबलजी आणि हार्मोनियमवाला बोलावणं, ही नवोदितांची सर्वांत नेहमीची चूक. ॲपची लय दगडासारखी स्थिर असते. माणसाची लय श्वास घेते. तिहाईच्या (तीनदा येऊन तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, संपणाऱ्या बोलाच्या) आधी किंचित चढते, गतभावात (अभिनयातून गोष्ट सांगताना) सैल पडते. ॲपची सवय झालेली नर्तकी समेवर अचूक येते आणि तबला तिच्या आधी पोचलेला असतो. 40 मिनिटांच्या प्रस्तुतीसाठी जिवंत साथीच्या किमान चार बैठका धरा: पहिली फक्त बंदिशी म्हणून दाखवण्याची, हातात वही आणि तोंडात पढंत (बोलांचं पठण), दुसरी तुकड्या-तुकड्याने, तिसरी न थांबता पूर्ण, चौथी पोशाख आणि पूर्ण घुंगरू बांधून. चौथी अनेक जणी गाळतात. मग पायात 25-50 घुंगरांची सवय आणि कार्यक्रमाला 100 अशी गत होते, द्रुत तत्कारात पाय उशिरा उठतो.

साथीचा खर्च एकटीला झेपत नाही, आणि केंद्राची मदत सर्वांत जास्त अर्थपूर्ण ठरते ती इथे. केंद्राने एक तबलावादक आणि एक लेहरेवाला आठवड्यातून दोन दिवस, तीन-तीन तासांसाठी मानधनावर ठेवला, तर चार-पाच नर्तकींना प्रत्येकी तासाहून जास्त साथ मिळते. एका मोठ्या पाहुण्या कलाकाराच्या एका संध्याकाळीइतक्या खर्चात हे बरेच महिने चालू शकतं. असा प्रस्ताव चार जणींनी मिळून, एका पानात द्या. एकटीच्या मागणीला 'वैयक्तिक' म्हणून बाजूला ठेवता येतं. भरतनाट्यमच्या मुलींना सोबत घ्यायचं तर लक्षात ठेवा की त्यांना मृदंगम आणि नट्टुवांगम (झांजांवर ताल धरून बोल म्हणणं) लागतं, तबल्यावर त्यांचं भागत नाही. साथीदाराशी तालमीचं मानधन, कार्यक्रमाचं मानधन आणि प्रवास हे तीन आकडे आधी वेगवेगळे ठरवा. "बघू मग" या शब्दांनी गोव्यात जितक्या जोड्या मोडल्या तितक्या तालाच्या भांडणांनी मोडल्या नसतील.

आपल्या दमट हवेचं एक. तबल्याची पुडी (वरचं कातडं) ओल धरते, सूर उतरतो. थंड कोरड्या सभागृहात नेली की तासाभरात सूर चढतो. बाहेर गाडीत ठेवलेला तबला आयत्या वेळी मंचावर आणला तर तिसऱ्या तुकड्यापर्यंत लेहऱ्याशी त्याचं जमेनासं होतं. वाद्यं दीड तास आधी, एसी सुरू करून मंचावर ठेवायची. घुंगरांची सुती दोरीसुद्धा पावसात आतून कुजते; ऑगस्टमध्ये ती बदलून टाका, कारण ती तुटली तर नेमकी चक्करात तुटते.

तिसरी गोष्ट तांत्रिक तालीम. केंद्राकडून तारीख मिळाली की त्याच पत्रात "त्याच दिवशी मंचावर दिव्यांसह किमान चार तास" हे लिहून घ्या. संध्याकाळी 7 चा कार्यक्रम असेल तर 10 वाजता मंच स्वच्छ, 10.30 ते 12.30 दिवे, 2 वाजता ध्वनी, 3 ते 4.30 पूर्ण तालीम, 5 नंतर रंगभूषा. दुपारच्या सत्राचं भाडं वाचवायला म्हणून थेट 5 वाजता मंच ताब्यात घेणाऱ्यांचे कार्यक्रम पाहिलेत की कळतं: पहिली दहा मिनिटं नर्तकी प्रकाश शोधत हिंडते.

आपल्या नाट्यगृहातले प्रकाशवाले कुशल असतात, पण त्यांचा हात नाटकावर बसलेला असतो. समोरून सगळीकडे भरपूर उजेड, चेहरे दिसले पाहिजेत. नृत्यात समोरचा सपाट उजेड शरीराची घडण खाऊन टाकतो. कडेच्या विंगांतून उभ्या दांड्यांवर तीन उंचीचे दिवे मागा: नडगीपाशी, कमरेपाशी आणि डोक्याच्या वर. खालच्या दिव्याने पायाचं काम उठून दिसतं, कमरेच्या दिव्याने चक्करातला घेर. गतभावासाठी मात्र समोरून, वरून साधारण 45 अंशांतून मऊ उजेड हवाच, नाही तर डोळे काळोखात राहतात. हिरव्या पोशाखावर लाल दिवा टाकला की तो मळकट काळपट दिसतो. पोशाख तालमीला घालून बसा आणि रंग तिथेच ठरवा. प्रकाशवाल्याला तोंडी "इथे जरा छान करा" सांगू नका, कागद द्या. त्यावर प्रत्येक क्यूची, म्हणजे दिवे बदलण्याच्या क्षणाची, एकेक ओळ अशी: "क्यू 4, आमदच्या पहिल्या 'ता थेई'ला, कडेचे 70 टक्के, समोरचे 30, पाच सेकंदांत." आमद म्हणजे प्रवेशाचा तुकडा. प्रकाशवाल्याला कथक कळत नसेल तर बोलाऐवजी खूण लिहा: "उजवा हात डोक्यावर गेला की". 40 मिनिटांना 12 ते 15 क्यू पुरतात. 40 क्यू लिहिणारीचे अर्धे चुकतात.

ध्वनीत दोनच हट्ट धरा. घुंगरांसाठी मंचाच्या पुढच्या कडेला जमिनीलगतचा चपटा माइक, आणि तुमच्या दोन्ही बाजूंना मॉनिटर, म्हणजे मंचाकडे तोंड केलेले स्पीकर, ज्यातून तुम्हाला तबला आणि लेहरा दोन्ही ऐकू येतील. मॉनिटरचं तोंड त्या माइककडे वळलं की शिट्टी वाजणारच. पढंतीचा माइक वेगळा, आणि तो तुम्ही नाचताना बंद राहील याची जबाबदारी एका माणसावर.

देवळासमोरच्या किंवा उघड्यावरच्या मंचावर नाचायचं असेल तर वेळेचं गणित पक्कं करा. उघड्यावर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक लावायला, सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले, तर मनाई आहे. नाटकाआधी सत्कार आणि भाषणं लांबली की कात्री नृत्यावर चालते. म्हणून 30, 20 आणि 12 मिनिटांच्या तीन आवृत्त्या तयार ठेवा आणि साथीदारांनाही पाठ करून ठेवा. 12 मिनिटांच्या आवृत्तीत सगळं थोडं-थोडं कोंबू नका. एक वंदना आणि एक नीट मांडलेला द्रुत तीनताल पुरे.

पैसा. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे: वय 18 ते 25, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं, सहामाही हप्त्यांनी. गुरूकडे किमान 5 वर्षं शिकल्याचा दाखला लागतो आणि तज्ज्ञांपुढे करून दाखवावं लागतं. तुम्ही 22 च्या, म्हणजे आताच अर्ज करा. 25 व्या वर्षी जाग येणाऱ्या पुष्कळ. अर्ज अडतात ते गुरूच्या दाखल्यावर. "माझी शिष्या आहे, हुशार आहे" याला किंमत नाही. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, आठवड्याला किती तास, काय शिकवलं, हे लिहून घ्या. वयाची 25 ओलांडल्यावर 40 पर्यंत कनिष्ठ पाठ्यवृत्ती आहे, महिना 10,000, पण ती संशोधनाच्या विषयावर मिळते, नाचावर नव्हे. राज्यात कला आणि संस्कृती संचालनालयाच्या योजना आहेत. संस्थांच्या अनुदानासाठी नोंदणीकृत संस्था लागते, म्हणून एकटीने धावपळ करण्याऐवजी आधीच नोंदलेल्या संस्थेच्या छत्राखाली प्रकल्प मांडा. उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात गोवा आहेच, मात्र तिथे लोकनृत्याच्या पथकांना जास्त वाव मिळतो.

मानधन घेताना कर समजून घ्या. शास्त्रीय किंवा लोककलेच्या प्रस्तुतीचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. "जीएसटी नंबर नाही तर पैसे नाहीत" असं कुणी म्हणालं तर हे शांतपणे सांगा. आयकर कापला असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या, विवरणपत्रात ते लागतं.

हक्कांकडेही नव्या मुली पाहत नाहीत. प्रताधिकार कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते, पण तिची मांडणी लेखी किंवा अन्य रूपात नोंदलेली असली तरच. तेव्हा तारखेसह चित्रफीत आणि बोलांची वही ठेवा. परंपरेने आलेली ठुमरी कुणाच्या मालकीची नसते, तिचं बाजारातलं ध्वनिमुद्रण मात्र असतं. जाहीर कार्यक्रमात ते वाजवायचं तर परवाना लागतो. स्वतःचा लेहरा एका सकाळी ध्वनिमुद्रित करून घेतलात की हा प्रश्न मिटतो. केंद्राने कार्यक्रमाचं चित्रीकरण केलं तर ते कुठे दाखवणार हे लेखी घ्या आणि न कापलेली प्रत मागा. पुढे निवड समित्यांना ती लागते, तुकडे जोडून केलेली चकचकीत फीत त्या बाजूला ठेवतात.

प्रेक्षकांबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. गोव्याचा कान घडलेला आहे, डोळा तितका नाही. केरीच्या गायिका केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, घरोघरी भजन, देवळांत नाट्यगीतं. एखादी तान बेसूर झाली तर मागच्या रांगेतला आजोबा मान हलवतो, पण चक्रदार तिहाई समेवर पडली हे त्याला कळलंच असं नाही. याच देवळांपुढे कलावंतिणी नाचत होत्या. त्या नृत्याची आठवण आपण गाण्याइतकी जपली नाही. मग त्याच्या कानावाटेच आत शिरा. पढंत आधी करा, टाळीवर 16 मात्रा मोजायला लावा, मग तोच बोल पायाने. बारा मिनिटांच्या कार्यक्रमातली दीड मिनिटं यात गेली तरी चालतील. साथीला स्थानिक भजनी मंडळातला गायक घेतलात तर त्याच्या गावची 30 माणसं येतात, हा हिशेबही वाईट नाही.

लोकनृत्याची फोडणी देण्याचा मोह होईल. केंद्रांना 'फ्यूजन' हा शब्द आवडतो. फुगडीत वाद्य नसतं, गाणं आणि शेवटी श्वासाची 'फू' हाच ताल. तिच्यावर तबला चढवला की फुगडी उरत नाही आणि कथकही होत नाही. घुमट (कातड्याने मढवलेलं मडक्याचं वाद्य) घ्यायचा तर घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कांसाळें (झांजा) वाजवणाऱ्या मंडळींसोबत निदान दोन बैठका बसा. त्यांच्या आरतीच्या चाली शिका आणि तुमचा तुकडा त्या चालीत बसतो का ते पाहा. घुमटाचा आवाज मडक्याच्या पोटातून खोल येतो. बंद सभागृहात तो माइकशिवायही तुमचे घुंगरू गिळतो, म्हणून त्यांना मंचाच्या मागे, कोपऱ्यात बसवा.

पत्र एका पानाचं ठेवा: कोण, काय शिकलात, कुठली खोली, कुठले वार, किती तास, कधीपर्यंत, बदल्यात काय. सोबत 5 मिनिटांची, एकाच कॅमेऱ्याने, पायांसकट पूर्ण शरीर दिसेल अशी न कापलेली फीत. पत्र देऊन दहा दिवसांनी प्रत्यक्ष जा, शक्यतो सकाळी 11 च्या सुमारास, आणि व्यवस्थापकाआधी तालमीच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते त्या माणसाला भेटा. खोली आठवड्यातून खरोखर किती वेळा उघडते, पंखा चालतो का, गेल्या पावसात कुठला कोपरा गळला, हे त्याला माहीत असतं.